वर्ग खाली आणला, त्याची गोष्ट

शाळेत संगीताची खोली कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिना चढत राहायचं. जिथे जिना संपतो आणि गच्चीचं कुलूप दिसतं, तिथेच डाव्या हाताला ती असते. मुख्याध्यापकांच्या खोलीपासून गाणं जितकं लांब, तितकं शाळेचं संगीतप्रेम टिकाऊ. आमच्या गावच्या शाळेतही ती दुसऱ्या मजल्यावर, मोडक्या बाकांच्या अडगळीला लागून होती. आत एक पेटी, एक तबलाजोडी, लेझमींचा ढीग आणि भिंतीवर पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा फोटो.

मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत मध्यमा पूर्णपर्यंत पोचलो. विशारदच्या वाटेवर लेखी पेपर आडवा आला आणि तिथेच मुक्काम पडला. भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणजे बाकीचे जिथे गात असतील तिथे पेटी नेऊन पोचवतो. एवढ्या भांडवलावर मुख्याध्यापिका बाईंनी मला आठवड्यातून दोनदा 'समावेशक संगीत वर्ग' घ्यायला बोलावलं. दिव्यांग मुलं आणि बाकीची मुलं एकत्र गातील, वाजवतील. मानधन नाही, पण चहा.

घरी ही बातमी सांगितली तर सौ. म्हणाली, "घरात दुसरं माणूस बोलायला लागलं की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. तुम्ही कुणाला सामावून घेणार?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून कायदा वाचायला घेतला. बँकेची सवय, काम येवो न येवो, परिपत्रक आधी वाचायचं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. मी वहीत 21 रकाने आखले आणि प्रत्येक रकान्यापुढे 'उपाय' असं लिहिलं. आमच्या शाखेत ऑडिटला मी हेच करायचो. वर्गात गेलो तेव्हा कळलं की मुलं रकान्यांत बसायला तयार नव्हती, आणि एक तर जिन्याशीच थांबली होती.

खरी नावं सांगत नाही. ती मुलं आता सगळं मोबाइलवर वाचतात, वाचून घेतात किंवा ऐकतात, आणि मला याच गावात राहायचंय. जिन्याशी थांबली होती ती आठवीतली, चाकाच्या खुर्चीतली. तिला आपण कलेक्टर म्हणू, कारण तिचं बोलणं त्या थाटाचं. मी शिपायाला आणि दोन धट्ट्याकट्ट्या मुलांना हाक मारली आणि म्हणालो, "उचला रे हिला, खुर्चीसकट!"

कलेक्टर म्हणाली, "पेटी उचलून खाली आणा. ती हलकी आहे."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पेटी खरंच हलकी होती. वर्ग खाली आला. तळमजल्यावर रिकामी जागा एकच, पोषण आहाराच्या स्वयंपाकघराला लागून असलेला व्हरांडा. तिथे बारा वाजता खिचडीला फोडणी पडते आणि त्यानंतर कुठलाही राग टिकत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पहिला डाव मी ब्रेलवर लावला. सातवीतला एक मुलगा, जन्मापासून दृष्टी नाही. त्याला परीक्षक म्हणू. तो बोलेपर्यंत आपण नापास आहोत असंच वाटत राहतं. मी लुई ब्रेलबद्दल वाचून काढलं. तो स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि 1829 साली त्याने आपली पद्धत छापली तेव्हा अक्षरांबरोबर संगीत लिहायची सोयही तिच्यात होती. वाचून धीर आला. निम्मं काम लुईने करूनच ठेवलं होतं. मी ब्रेलची पाटी आणि टोचणी मागवली, भारती ब्रेलचा तक्ता समोर ठेवला आणि काना-मात्रा गाळून जाड कागदावर स, र, ग, म, प, ध, न टोचून काढले. बोटाला फोड आला, पण अभिमान वाटला. पाटीबरोबर सूचनांचा एक कागद होता. सूचना वाचायची आमच्या घरात पद्धत नाही.

त्या कागदावर लिहिलं होतं की ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं, आणि तेही उलटं. टोचलेला ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला वर येतो, आणि वाचायचं त्या बाजूने. मी पोस्टाचा पत्ता लिहावा तसं डावीकडून उजवीकडे टोचत गेलो होतो.

परीक्षकाने कागद हातात घेतला. बोट फिरवलं. "ड," तो म्हणाला. मग कपाळाला आठी. "हे एक मोडकं काहीतरी… थ… श… ग… ठ…" शेवटच्या अक्षराला त्याने हातच टेकले. सगळा व्हरांडा कान देऊन ऐकत होता. "आजोबा, हा कुठला राग?"

मला काका म्हणा, असं मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं.

आरशात धरावीत तशी अक्षरं उलटली होती. न चा ड झाला होता, प चा थ, म चा श, र चा ठ. ग चे चार ठिपके चौकोनात असतात, तो आरशात धरला तरी ग च राहतो. परीक्षकाने कागद परत दिला आणि सही करावी तसा शेरा मारला, "गंधार तेवढा शुद्ध लागलाय."

मी शरमून म्हणालो, "जाऊ दे रे. तुला लिहायची काय गरज? तुझे कान तयार आहेत, तू ऐकूनच शिक." हे मी कौतुकाने म्हणालो होतो. आंधळ्या माणसाचे कान तयार असतात, हे आपण सगळेच कौतुकाने म्हणतो, आणि तेवढ्यावर वही-पुस्तकाचा खर्च वाचवतो.

"मला लिहूनच पाहिजे," परीक्षक म्हणाला. "तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू?"

गेल्यावर म्हणजे घरी गेल्यावर, असं मी धरून चाललो. पण त्याचं म्हणणं बिनतोड होतं. वरच्या खोलीतून आणलेला पलुसकरांचा फोटो व्हरांड्यात माझ्याकडेच बघत होता. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा होऊन कुरुंदवाडच्या या मुलाची शाळा सुटली आणि तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आला. पुढे 1901 साली लाहोरला त्यानेच गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी बसवली. अधू डोळ्यांच्या माणसाने गाणं कागदावर यावं म्हणून जन्म घातला, आणि मी त्याच्याच फोटोखाली बसून एका मुलाला कागदाची गरज नाही म्हणून सांगत होतो. नंतर परीक्षकानेच मला टोचायला शिकवलं. अजून माझा ध चुकतो.

दुसरा डाव फुग्यांचा. सहावीतल्या एका मुलीला ऐकू येत नाही. तिला वकीलबाई म्हणू, कारण तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. ती खुणांच्या भाषेत बोलते आणि तिचं बोलणं आमच्यापर्यंत विशेष शिक्षिका पोचवतात. या ताई तालुकाभरच्या शाळा फिरतात, आमच्या वाट्याला आठवड्यातून एकदा येतात आणि त्या दिवशी मी जरा शहाण्यासारखा वागतो. छातीशी फुगा धरला की गाण्याची कंपनं त्यात उतरतात आणि हाताला कळतात, असं मी वाचलं होतं. ते खरंही आहे. मी बाजारातून मोठे फुगे आणले आणि वर्गातल्या सगळ्यांनाच वाटले. समावेशक म्हणजे सगळ्यांना सारखं, अशी माझी समजूत.

पाचवीत एक मुलगा आहे, स्वमग्न. अचानक आवाज झाला की त्याला तो अंगावर आल्यासारखा होतो. कानांवर हात घेऊन तो जमिनीशी बसतो. त्याला टाइमटेबल म्हणू, कारण पुढे कळेल. तर पाचवीच्या मुलांच्या हातात फुगा दिल्यावर काय होतं, हे मला सोडून सगळ्या जगाला ठाऊक होतं. पहिला फुगा फुटला, मग दुसरा, मग ती साथच पसरली. टाइमटेबल जो उठला तो स्वयंपाकघरात, खिचडीच्या पातेल्यामागे. वकीलबाई मात्र फुगा छातीशी धरून खुशीत होती. इतका दणदणीत कार्यक्रम तिने आजवर अनुभवला नव्हता.

ताई म्हणाल्या, "काका, एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय असते कधीकधी. आधी विचारायचं." (त्या मला काका म्हणतात म्हणून त्यांचं सगळं ऐकतो.)

मी फुगे सोडले आणि एव्हलिन ग्लेनीला धरलं. ही स्कॉटलंडची जगप्रसिद्ध तालवादक, लहानपणीच तिला ऐकू येईनासं झालं. ती अनवाणी वाजवते, कारण नाद तिला पायांतून कळतो. पुढच्या वेळी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. आमच्या व्हरांड्याला शहाबादी फरशी आहे, खाली भरीव सिमेंट. तिच्यावर ढोल बडवला तरी ढिम्म हलत नाही. पंधरा मिनिटांत मुलांना नाद सोडून बाकी सगळं कळलं. थंडी, खडे, मुंग्या. लाकूड पाहिजे, हे ताईंनी सांगितलं. मग अडगळीतला एक रुंद लाकडी बाक खाली आणला, त्यावर तबला-डग्गा मांडला, शेजारी वकीलबाईला बसवलं आणि तिचा तळहात डग्ग्याच्या भांड्यावर ठेवला. तिचा चेहरा बदलला. मी वहीत 'उपाय' या रकान्यात बरोबरची खूण केली. घाई झाली.

डग्ग्यावर आमच्या भजनी मंडळाचे तबलजी होते. दिवसा किराणा, संध्याकाळी केरवा. मी फळ्यावर त्रिताल लिहिला, सोळा मात्रा, आणि हाताने दाखवू लागलो. एकवर सम, पाचवर टाळी, नऊवर खाली, तेरावर टाळी. खालीला टाळी न देता हात नुसता बाजूला उलटा टाकायचा. ऐकू न येणाऱ्या मुलीला ताल शिकवायला याहून सोपं काय? सगळं डोळ्यांना दिसतंय.

नवव्या मात्रेला मी हात टाकला. वकीलबाईने मान हलवली, नाही. दहाव्या मात्रेला तिने स्वतःचा हात टाकला. पुढचं आवर्तन, पुन्हा तेच. मी तिचा हात धरून नवव्या मात्रेला टाकून दाखवला. तिने माझा हात झटकला आणि ताईंकडे वळून भराभर काहीतरी सांगितलं.

"ती म्हणतेय, नऊवर वाजतंय," ताई म्हणाल्या. "दहापासून थांबतंय. तेराला तुम्ही टाळी देता तेव्हाही ते थांबलेलंच असतं. चौदाला परत येतं. तुम्ही चुकीचं शिकवताय."

मी हसून तबलजींकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ते तोंडातल्या तोंडात ठेका म्हणत बोटांवर मोजत होते. "धा तिं तिं ता, ता धिं धिं धा," ते म्हणाले, आणि थांबले. "बरोबर आहे हो तिचं. नववा धा. धाला डग्गा वाजतो. दहा ते तेरा डग्गा गप्प."

अर्धं आयुष्य मी त्रितालाची खाली नवव्या मात्रेवर दाखवत आलोय, परीक्षेत त्यावर मार्कही घेतलेत. डग्गा तिथे अजून बोलत असतो, हे माझ्या दोन धडधाकट कानांना कधी कळलं नव्हतं. शास्त्र काय सांगतं, खाली ही विभागाच्या सुरुवातीला मानायची खूण आहे, हे मी तिला ताईंमार्फत समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून, म्हणजे पाहून घेतलं आणि उत्तर दिलं. ताईंनी ते मराठीत आणलं, "मानायचं तर माना. हाताला काय लागतंय ते मी सांगितलं."

तेव्हापासून आमच्या वर्गात दोन खाली आहेत, एक शास्त्राची आणि एक वकीलबाईची. तबलजी हल्ली भजनातही त्रिताल आला की दहाव्या मात्रेला माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात.

आता पेटीचं. नववीतल्या एका मुलाला पेटीचा भारी नाद, पण डावा हात साथ देत नाही. पेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर. मला वाटलं, पायपेटी आणावी. पायाने भाता मारायचा, हात मोकळे. मूळचं वाद्य तसंच होतं. 1840 च्या दशकात पॅरिसला अलेक्सांद्र दबॅं याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते पायाने हवा भरायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. आपण बसणार जमिनीवर, मांडी घालून. तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमारास भाता पाठीमागे आणून हातपेटी घडवली. म्हणजे आपल्या देवघरापर्यंत पोचलेली पेटी ही मुळात कुणाच्या तरी बसण्याच्या अडचणीवर काढलेली सोय. हे मी बाईंना इतक्या उत्साहाने सांगितलं की त्यांनी चहा अर्धा टाकून फाइल उघडली.

पायपेटी मिळाली ती एका बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या सामानात. टेम्पोभाडं माझं. उघडली तर आत उंदरांनी तीन अंकी संसार मांडलेला. दुरुस्त होऊन आली, मुलगा बसला, आणि लक्षात आलं की ज्या बाजूचा हात साथ देत नाही त्या बाजूचा पायही तितपतच साथ देतो. हे त्याच्या चालण्यात रोज दिसत होतं. मी पेटीकडे बघत होतो. तो बिचारा काही बोलला नाही, म्हणाला, "छान आहे. दिसायला."

उत्तर टाइमटेबलने काढलं, आणि तेही न विचारता. तो हातपेटीच्या पलीकडे जाऊन बसला आणि भाता मारायला लागला. एकसारखा, न थकता, घड्याळ लावून घ्यावं असा. अचानक होणारा आवाज त्याला सोसत नाही. पण हा आवाज त्याच्या हातातला होता. तो थांबला की पेटी थांबते, हे त्याला पाचव्या मिनिटाला कळलं आणि तिथून पुढे वर्गाची सत्ता त्याच्याकडे गेली. आधी प्रार्थना, मग अलंकार, मग देशभक्तीपर, शेवटी भजन. ताईंनी या क्रमाची चित्रं काढून त्याच्यासमोर लावली होती. मी एकदा अलंकार गाळून थेट गाण्यावर गेलो, तर भाता मिटला. पेटीवाला पट्ट्या दाबतोय, आवाज नाही. "अलंकार," टाइमटेबल म्हणाला. अलंकार घेतले. हवा आली. आमच्या भजनी मंडळातही गजर चुकीच्या जागी घेतला तर असंच होतं, फक्त तिथे भांडण होतं आणि दोघं जण उठून जातात.

आणि मग स्नेहसंमेलन आलं.

शाळेच्या रंगमंचाला पाच पायऱ्या. मंडपवाल्याला सांगितलं, चाकाच्या खुर्चीसाठी उतार करून दे. मी पुन्हा वाचून ठेवलं होतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी. मंच अडीच फूट उंच, म्हणजे उतार तीस फुटांचा. मंडपवाला म्हणाला, "तीस फुटांत नवरदेवाची वरात येईल, साहेब. आमच्याकडे आठ फुटी फळी आहे." मंचच मुळी वीस फूट रुंद. मी म्हटलं, बघू या आधी. आणि तिथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. ग्राहकाला देण्याआधी नोट स्वतः तपासावी. मी कलेक्टरची खुर्ची मागून घेतली, मंचावर नेऊन तिच्यात बसलो आणि शिपायाला म्हणालो, हळूच सोड.

त्याने सोडली. हळूच वगैरे काही उतारावर नसतं. ब्रेक कुठे असतो हे कलेक्टर ओरडून सांगत होती, पण मी दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. फळी संपली, लाल गालिचा संपला, आणि मी पायपेटीवर आदळलो. तिने एक दीर्घ षड्ज लावला. परीक्षक लांबून म्हणाला, "हा बरोबर लागला."

कलेक्टर आधी खुर्चीपाशी आली, म्हणजे तिला दोन मैत्रिणींनी खांद्याला धरून आणलं, आणि चाक फिरवून बघितलं. मग मला विचारलं, "लागलं का?" मग बाईंना म्हणाली, "मंचावर कशाला चढायचं? खालीच बसू. व्हरांड्यात बसतो तसं." बाईंनी कार्यक्रम मंचासमोरच्या मैदानात घ्यायचा ठरवलं. उताराची फळी तशीच राहिली, आणि तिच्यावरून संध्याकाळभर वर गेले ते प्रमुख पाहुणे, ज्यांचे गुडघे दुखत होते, त्यांच्यामागे संस्थेचे सचिव, त्यांच्यामागे चहाचा ट्रे. पायऱ्यांवर एक माणूस फिरकला नाही.

ताईंनी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ऐकू न येणारी माणसं टाळ्या वाजवत नाहीत, हात वर करून हलवतात. तुम्ही तसं केलंत तर मुलांना आवडेल. पाहुण्यांना ते फार आवडलं. प्रार्थना झाली, अलंकार झाले, आणि देशभक्तीपर गीत सुरू व्हायच्या आत पाहुणे माइकपाशी आले. त्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, म्हणून भाषण आधी. टाइमटेबलने समोरची चित्रं पाहिली. भाषणाचं चित्र त्यात नव्हतं. त्याने भाता मिटला आणि हाताची घडी घातली.

पाहुणे जिद्दीवर बोलले, मग देवावर, मग पुन्हा जिद्दीवर. ताई वकीलबाईसाठी खुणांनी सांगत होत्या. सुरुवातीला त्यांचे हात भराभर चालत होते, मग सावकाश, मग एकच खूण गोल गोल. वकीलबाईचा तळहात सवयीने डग्ग्यावर होता. डग्गा कधीचा गप्प होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात उलटा करून बाजूला टाकला. खाली. कलेक्टरने ते पाहिलं, तिनेही टाकला. तिने परीक्षकाच्या कानात सांगितलं, त्यानेही. मग सगळ्या वर्गाने, तालात, दर चार मात्रांनी एकदा.

पाहुण्यांना मैदानभर हलणारे हात दिसले. त्यांचा कंठ दाटून आला. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, सचिवांनाही हलवायला लावले, आणि आणखी दहा मिनिटं बोलले.